मिलिसेकंदाची वाटणी

काचीपुरा चौकाच्या अलीकडे लावलीय टॉवरची गाडी,
चाकांखाली विटा.
मास्ट चाळीस हात वर, जनरेटरची घरघर,
रात्री दहालाही ऑक्टोबरचा उकाडा उतरत नाही.
बाहेर निळे झेंडे, पुस्तकांचे ठेले,
नांदेड, आदिलाबाद, पवनीची धूळ लागलेल्या चपला.
आत मी, एक लॅपटॉप, आणि ड्रायव्हर नंदेश्वरकाका,
दर दहा मिनिटांनी विचारणारे:
"मॅडम, माहा काहून नाही लागून रायला?"

काका, एका अँटेनासमोर तुमच्यासारखे हजारो आहेत.

सेकंदाचे हजार तुकडे होतात.
प्रत्येक तुकड्यात शंभर चौकोन,
आणि दर तुकड्याला पट नव्यानं मांडायचा:
कुणाला किती, कुणी थांबायचं.
हे मी नाही करत. शेड्युलर करतो.
मी फक्त त्याच्या कानात एक आकडा सांगते.

फोन आला की टॉवर त्याला नंबर देतो, तात्पुरता,
तो गेला की तोच नंबर दुसऱ्याला.
नाव नाही. गाव नाही.
आडनाव विचारायची सोयच ठेवलेली नाही.
हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा
हॉस्टेलच्या खाटेवर मी एकटीच हसले होते.

मग पान उलटलं.

फोन सतत कळवत असतो, मला एवढं ऐकू येतंय,
शून्य ते पंधरा.
पंधरावाला मास्टच्या पायथ्याशी, क्रिकेट बघतोय.
दोनवाला राहाटे कॉलनीच्या वळणावर, भिंतीआड;
त्याला तेवढेच शब्द पोचवायला
पंचवीसपट चौकोन लागतात.
हिशेब म्हणतो, जवळच्याला द्या, बेरीज फुगते.
लांबच्याला दिलं ते वाया.
हे वाक्य मी आधीही ऐकलेलं,
फक्त यंत्राच्या तोंडून नव्हतं ऐकलं.

टेकानाक्याला आमच्या गल्लीत नळ एकच.
पाळीला पाच मिनिटं, सगळ्यांना सारखी.
बाकीच्यांच्या बादल्या,
तुळजामावशीची घागर निमुळत्या गळ्याची.
तिची निम्मी धार बाहेरच जायची, पायांवर, चिखलात.
लोक म्हणत, टाइम तर बरोबर देला ना!
आई त्यावर काही बोलायची नाही.
आपली चार मिनिटं झाली की
बादली बाजूला सरकवायची.

अकरा वाजून बारा.
पुण्याहून साहेबांचा मेसेज:
थ्रूपुट मस्त, काही हलवू नका.
पडद्यावर एक नंबर, एकेचाळीस सतरा,
पाऊण तासात जवळपास शून्य.
दोन मिनिटांनी प्रयत्न. पुन्हा. पुन्हा.
मग सहा मिनिटं काहीच नाही,
(बॅटरी? की कंटाळा? की पोलिस चौकीत विचारायला गेलं कुणी?)
मग पुन्हा.

मी आकडा बदलला.
आजवर ज्याला कमी मिळालं
त्याचा शब्द यंत्राने जड धरावा, एवढाच.

आलेखाची रेघ खाली बसली.
मास्टखालच्या पोराचा बॉलर धावता धावता थिजला,
"काय यार नेटवर्क!" इथपर्यंत ऐकू आलं.
आणि एकेचाळीस सतरा लागला.
तेवीस सेकंद.
काय बोलले ते मला दिसत नाही,
दिसतात फक्त बाइट, जाणारे आणि येणारे.
येणारे जास्त होते.
लांबून कुणीतरी खूप रागावलं असावं,
किंवा रडलं.
मग नंबर मोकळा झाला,
आणि लगेच दुसऱ्या कुणाचा.

साहेबांना काय लिहायचं ते अजून ठरत नाहीये.
नंदेश्वरकाका दारात उभे, एका कानात बोट घालून:
"हो, पोह्यचलो ना वो. जेवलो.
काय? काय म्हनली?"
आणि माझ्याकडे वळून, वैतागून,
"मॅडम, थे जनरेटर बंद करा जराक,
काहीच आयकू नाही येऊन रायलं."